पांढऱ्यात पांढरी

गोंदियाहून बिरसीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मधूनमधून एखादी बोडी, आणि समोरून पांढरी बोलेरो. ही कोणाची, हे सांगणं कठीण. तहसीलची असू शकते, आरोग्य खात्याची असू शकते, विजेच्या कामावर भाड्याने लावलेली असू शकते. रेतीच्या घाटावर नजर ठेवायला निघालेली असू शकते, किंवा त्या नजरेवर नजर ठेवायला चार हात अंतर राखून तिच्या मागे निघालेली असू शकते. ग्रामीण महाराष्ट्रात ज्याला कोणाला चार माणसांवर हुकूम चालवायचा असतो, त्याला आधी पांढरी बोलेरो लागते. माणसं नंतर जमतात. याच पांढऱ्या कळपात पोलिसांचीही एक गाडी फिरत असते. तिच्या अंगावर रंगीत पट्टा असतो, दारावर पाच टोकांचा तारा, ताऱ्यात उघडा पंजा, खाली ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे संस्कृत ब्रीद आणि टपावर दिव्यांची आडवी पट्टी. शोरूमच्या अंगणात उभी असताना एवढी ओळख पुष्कळ झाली. पण गाडी अंगणात उभी राहण्यासाठी घेतलेली नसते. ती धुळीत, धुक्यात, पावसात आणि रात्री पळण्यासाठी असते, आणि तिथे अर्ध्या किलोमीटरवरून तिचं नुसतं पांढरेपण तेवढं पोचतं. तारा, पंजा आणि संस्कृत पोचतात तोवर गाडी निघून गेलेली असते.

याचा अर्थ लोकांना पोलिसांची गाडी ओळखता येत नाही, असा मुळीच नाही. उत्तम ओळखता येते, फक्त ती रंगावरून ओळखली जात नाही. ती रस्त्याच्या मधोमध चालते आणि समोरचा आपणहून डांबराखाली उतरतो, यावरून ओळखली जाते. पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा हात मध्येच थांबतो, यावरून ओळखली जाते. दुचाकीवरचा तिसरा माणूस वळणाआधीच उतरतो आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यासारखा पायी चालू लागतो. कोपरात अडकवलेलं हेल्मेट एकदम डोक्यावर चढतं. ट्रॅक्टरवरचं गाणं बारीक होतं. म्हणजे गाडी पाहून गाडी कळत नाही, गाव पाहून गाडी कळते. ही व्यवस्था स्वस्त आहे आणि चोखही आहे, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. ती फक्त त्यांच्या कामाची आहे ज्यांना पोलीस नको आहेत. ज्याच्या पोटात पाप आहे त्याची नजर गाडी येण्याआधीपासून रस्त्यावर असते. ज्याला पोलीस हवे आहेत, ज्याची मोटारसायकल रात्री कोणी आडवी लावून थांबवली आहे, किंवा ज्याच्या शेजाऱ्याच्या घरात आरडाओरडा चालू आहे, त्याला असा सराव नसतो. तो रस्त्यावर उभा राहून हात करतो, आणि पहिल्यांदा थांबते ती कंत्राटदाराची बोलेरो. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडीचा रंग तिच्यात बसणाऱ्यासाठी नसतो, तिला शोधणाऱ्यासाठी असतो. आणि आपल्याकडे तो बसणाऱ्यासाठी दिला जातो.

हे म्हणणं पटवायला लांब जावं लागत नाही. बिरसीतच त्याचा पुरावा दोन-सव्वादोन किलोमीटर लांबीचा पसरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. मधली काही वर्षं ती औद्योगिक विकास महामंडळाकडे होती, २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढे वैमानिक घडवणारी संस्था आली, आणि मार्च २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद असं प्रवासी विमानही इथून उडालं. आता विमानतळ म्हटला की त्याच्या कुंपणाच्या आत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम लागतात, आणि त्या संघटनेच्या १४ व्या परिशिष्टात धावपट्टीजवळ फिरणाऱ्या गाड्यांच्या रंगाचा विचार आहे. एकरंगी गाडी असेल तर ती ठळकच हवी. तातडीच्या मदतीची असेल तर शक्यतो लाल किंवा पिवळसर हिरवी, इतर कामाची असेल तर पिवळी. दिवा लुकलुकता हवा. तातडीच्या किंवा सुरक्षेच्या गाडीला निळा, बाकीच्यांना पिवळा. या नियमांमागे कोणाची हौस नाही, कोणाचा दर्जा नाही, कोणाच्या मेहुण्याचा रंगाचा कारखाना नाही. वरून येणाऱ्या वैमानिकाला काय दिसेल एवढ्या एकाच प्रश्नातून ते निघाले आहेत. म्हणजे बिरसीत एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना रंगाची दोन शास्त्रं नांदतात. आतली गाडी पिवळी, कारण कोणीतरी तिला पाहायचं आहे. बाहेरची गाडी पांढरी, कारण ती कारखान्यातून तशी आली.

कुंपणाबाहेर रंगाचे नियमच नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, १२१ वा नियम आहे: संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणाही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग द्यायचा नाही. एक रंग उचलून कायद्यानं एका खात्याला आंदण दिला आहे. नंबरप्लेटची रंगपंचमी तर वेगळीच. खाजगी गाडीची पांढरी, भाड्याच्या गाडीची पिवळी, विजेवर चालणारीची हिरवी, परदेशी वकिलातीची निळी. एका फुटभर पत्र्यावरून गाडीची जात, व्यवसाय आणि इंधन सगळं कळावं, अशी सोय. एम.एच. पस्तीस म्हटलं की गोंदियाची, हेही तोच पत्रा सांगतो. एवढी बारकाई करणाऱ्या राज्याला लष्कराचा हिरवा राखून ठेवता आला, पण पोलिसांचा म्हणून एकही रंग राखता आला नाही. जो घेतला तो पांढरा, म्हणजे देशात सगळ्यात जास्त गाड्यांचा.

पांढऱ्याची बाजू घेणारे सांगतील, की तो उन्हात कमी तापतो. खरं आहे, आणि मे महिन्यात गोंदियात दुपारी गाडीत बसून पाहिलेला कोणी याला नाही म्हणणार नाही. पण टप पांढरा ठेवून कुशी रंगवायला उन्हाची काही हरकत नसते. पांढरा रात्री दिसतो, हेही खरं. पण दिसणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं. याच भागातल्या झिलमिली आणि परसवाड्याच्या तळ्यांवर सारस पक्षी उतरतात. अंग राखाडी, मान आणि डोकं लाल, उंची माणसाच्या खांद्याला लागेल एवढी, आणि फिरणं नेहमी जोडीनं. गस्तीचा इतका शिस्तीचा नमुना खात्यालाही जमलेला नाही. धानाच्या हिरव्यात हजार बगळे असोत, सारस कोणता हे पोरालाही दुरून कळतं, ते त्या लाल डोक्यामुळे. बगळाही दिसतोच. पण बगळ्यांत बगळा शोधायला सांगणं आणि सारस शोधायला सांगणं यात जो फरक आहे, तोच दिसणं आणि ओळखू येणं यात आहे. आपण पोलिसांच्या गाडीला बगळा केलं आहे.

जगात इतरत्र लोकांनी यावर डोकं चालवलं आहे. १९९० च्या दशकात इंग्लंडच्या गृहखात्याच्या संशोधन शाखेनं पोलिसांच्या गाडीसाठी खूण शोधायला घेतली, तेव्हा अट अशी घातली की दिवसाउजेडी पाचशे मीटरवरून ती पोलिसांची आहे हे कळलं पाहिजे. त्यातून निघाली निळ्या-पिवळ्या मोठ्या चौकटींची रांग. तिला नाव पडलं बॅटनबर्ग, ते एका केकवरून, कारण त्या केकची वडी कापली की दोन रंगांचे चौकोन दिसतात. आपल्याकडे शोध लागला असता तर दुरंगी बर्फी म्हणून रूढ झाली असती. पण गंमत पुढे आहे. निळा आणि पिवळा ही जोडी आपल्याला नवी नव्हतीच. जुन्या मुंबईतला हवालदार निळ्या गणवेशात आणि डोक्यावर पिवळी टोपी घालून फिरत असे; दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ साली पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षकांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. साहेबानं प्रयोगशाळेत बसून जे शोधलं, ते गिरगावच्या नाक्यावर हातात दंडुका घेऊन उभं होतं. आपण मात्र त्याची चेष्टा केली, त्याला खाकी चढवली, आणि निळा-पिवळा बॅटनबर्गकरांना सोडून दिला.

रंग वाचणाऱ्यासाठी असतो, हे आपल्या देशात एकाच गाडीनं मनावर घेतलं आहे, ती रुग्णवाहिका. तिच्या कपाळावर नाव उलटं लिहिलेलं असतं. समोरच्या गाडीतल्या चालकानं आरशात पाहिलं की ते सुलटं दिसतं आणि तो बाजूला होतो. वाचणारा कोण, तो कुठे बसला आहे, कशातून पाहतो आहे, एवढा विचार करून लिहिलेली ही एकच सरकारी पाटी असावी. पोलिसांच्या गाडीवर ‘पोलीस’ सुलटंच लिहिलेलं असतं. आरशात ते उलटं दिसतं. पुढचा माणूस ते सुलटं करून वाचेपर्यंत मागून कर्णा वाजतो, आणि कर्ण्याला शुद्धलेखन लागत नाही.

यावर पहिला आक्षेप गावाचाच. म्हणतील, अहो, बिरसी काय मुंबई आहे? ठाणेदार कोण, चालक कोण, गाडी कुठली, सगळं लेकराला माहीत. रंगानं काय फरक पडणार? गावात गाडीला रंग लागत नाही, हे मान्य. लग्नाच्या मांडवात नवरदेवालाही पाटी लागत नाही. पण आता फोन शंभरला करायचा नसून एकशे बाराला करायचा आहे. फोन उचलला जातो दुसऱ्याच शहरात, गाडी पाठवली जाते ती जवळ असेल ती. तिच्यात ओळखीचा शिपाई असेलच असं नाही. शिवाय रस्ता काही गावच्या मालकीचा राहिलेला नाही. बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा, पलीकडून येणाऱ्याची सवय दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची, दुसऱ्याच पट्ट्यांची. विमानाने उतरून गोंदियाला निघालेल्याला तर इथला कोणताच चेहरा माहीत नाही. आणि ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा लाभार्थी तोतया असतो. पांढरी गाडी कोणाकडेही असते, निळ्या-लाल अक्षरांत ‘पोलीस’ छापून देणारं दुकान प्रत्येक तालुक्याच्या गावी असतं, आणि पुढच्या काचेआड टोपी ठेवली की काम झालं. नुसत्या दुचाकींवर ‘पोलीस’ लिहून फिरणाऱ्यांची संख्या पाहिली, तर दर घरटी एक शिपाई आहे की काय असं वाटावं. त्यातल्या बऱ्याच जणांचं पोलीसपण मामाच्या नाहीतर मावसभावाच्या नोकरीवर चाललेलं असतं. ज्या खुणेची नक्कल शंभर रुपयांत होते, ती खूण नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. गाडी लांबून ओळखू आली तर चोर सावध होईल, मग पकडायचा कसा? याचं उत्तर बांधीत उभं आहे. बुजगावणं लपवून ठेवावं म्हणजे पाखरं बेसावध येतील आणि सापडतील, असा सल्ला आजवर कोणत्याही शेतकऱ्याला कोणी दिलेला नाही. बुजगावण्याला जुना लाल सदरा मिळाला तर तोच घालतात, कारण पाखरू धरायचं नसतं, धान राखायचं असतं. गस्त म्हणजे धान राखणं. पाखरू धरायचं असेल तेव्हा साधे कपडे आहेत, खाजगी गाडी आहे, गुन्हे शाखा आहे. तिथे खूण काय, नंबरसुद्धा लक्षात राहू नये असाच असावा. अडचण अशी, की आपली गस्तीची गाडी ना धड बुजगावणं, ना धड फासा. चोराला ती लांबून कळते, कारण त्याला सराव आहे. तक्रारदाराला ती जवळूनही कळत नाही, कारण तिच्यासारख्या सतरा आहेत.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र हसून चालणार नाही. हा जिल्हा नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला आहे. सालेकसा, देवरीकडच्या जंगलात पोलिसांची गाडी लांबून ओळखू येणं म्हणजे काय, हे तिथे नोकरी केलेल्यांना सांगावं लागत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. तिथे गाडीनं दिसू नये, किंबहुना गाडीनं जाऊच नये, हे बरोबर. पण हा आक्षेप माझ्या विरुद्ध नाही, माझ्याच बाजूचा आहे. रंग ठरवताना पाहणारा कोण याचा विचार करा, एवढंच म्हणणं होतं. जंगलात पाहणारा घात करायला बसला आहे, तर रंग त्याच्यापासून लपण्यासाठी. बिरसीच्या रस्त्यावर पाहणारा मदत मागतो आहे, तर रंग त्याला दिसण्यासाठी. दोन्हीकडे एकच पांढरी पाठवली, तर जंगलात ती उठून दिसेल आणि गावात हरवून जाईल. नेमकं उलटं.

कोणी म्हणेल, रंग जाऊ द्या, दिवे आहेत ना. दिवे आहेत, आणि १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरल्यामुळे त्यांची किंमतही थोडी वाढली आहे. तोवर लाल दिवा म्हणजे मदत नव्हे, मान होता. तो दिसला की लोक ‘कोण आलं’ विचारत, ‘काय झालं’ असं विचारत नसत. पण दिवा एकटा पुरत नाही. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, कडेला दुकानं, आकाशपाळणा, खेळण्यांच्या हातगाड्या, आणि जिथे नजर जाईल तिथे लाल, निळे, हिरवे दिवे उघडझाप करत असतात. त्यात बंदोबस्ताची गाडी दिवा लावून उभी राहिली की लांबून ती आणखी एक पाळणा दिसते. दिवसा चिखलात तर टपावरची पट्टी सोडून सगळंच बांधीच्या रंगाचं होतं. भरपावसात रोवणीच्या दिवसांत अशी गाडी मागून पाहावी. मागच्या दारावर चाकांनी उडवलेली चिखलाची नक्षी खालून वर चढत आलेली, ‘पोलीस’मधला ‘पो’ तिच्याखाली गाडला गेलेला, ‘ली’ची वेलांटी स्टिकरासकट सोलून वाऱ्यावर हलणारी, ‘स’ तेवढा शाबूत. जादा चाकाला दोरीनं बांधलेली पाण्याची कॅन, आणि पुढच्या बंपरखाली लिंबू-मिरची. वाचणाऱ्याच्या वाट्याला एक ‘स’ येतो, आणि सद्रक्षणाची सगळी भिस्त तेवढ्या एका अक्षरावर राहते.

उरला खर्च. खात्याला डिझेलचे पैसे जोडताना नाकी नऊ येतात, आणि तुम्ही रंगाच्या गोष्टी करता, असं कोणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. पण अख्खी गाडी रंगवायला सांगतो कोण? मालट्रकांना परावर्तक पट्ट्या लावायची सक्ती कायद्यात आहेच. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. तांदळाच्या गिरणीकडे निघालेला धानाचा ट्रक रात्री समोरून आला की त्या पट्ट्या हंडीझुंबरासारख्या उजळतात, आणि ट्रक किती लांब, किती रुंद, तोंड कुठे, शेपूट कुठे, हे दिव्याच्या एका झोतात कळतं. त्याच झोतात पुढची पोलिसांची गाडी पांढरट धुरासारखी दिसते. पोत्यांना जी सोय दिली, ती पोलिसांना द्यायला तिजोरी खाली होईल असं वाटत नाही. कुशीवर निळ्या-पिवळ्या परावर्तक चौकटींची एक रांग, मागच्या दारावर वरच्या अर्ध्यात, चिखल चढत नाही तिथे, हातभर उंचीचं ‘पोलीस’, बॉनेटवर तेच उलटं, आणि टपावर गाडीचा क्रमांक. संस्कृत ब्रीद राहू द्यावं. ते कोणी धावत्या गाडीवर वाचत नाही, पण गाडी पंक्चर झाल्यावर चालकाला वाचता येतं.

फक्त हे करायला घेतलं की एक प्रश्न निघेल, तो आधीच सांगून ठेवतो. आज काही गाड्यांवर ‘पोलिस’ असतं, काहींवर ‘पोलीस’. मराठी शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीचा इकार दीर्घ, म्हणून ‘पोलीस’; विभक्ती लागली की तोच ऱ्हस्व, म्हणून ‘पोलिसांची’. गाडीवर विभक्ती नसते, तेव्हा दीर्घच हवा. पण हातभर उंचीच्या अक्षरात वेलांटी कुठली काढायची, हे रंगाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. ठाण्यातून पत्र गोंदियाला जाईल, तिथून वरच्या कार्यालयात, मग मुंबईला भाषा संचालनालयाकडे, अभिप्रायार्थ. अभिप्राय येईपर्यंत गाडी पांढरीच फिरेल. आणि तो येईल त्या दिवशी ती भंगारात निघालेली असेल, नव्या गाड्यांचं टेंडर निघालेलं असेल, आणि त्यात रंगाच्या रकान्यात लिहिलेलं असेल: पांढरा.